वेगाच्या देवाची फळी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पार खालच्या टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं गाव आहे. त्याच्याही खाली गेलं की थोडा समुद्र, एक छोटंसं बेट, आणि मग पाणीच पाणी, थेट बर्फ लागेपर्यंत. जिथून पुढे जायला रस्ताच उरत नाही अशा गावात बसून एका माणसानं सारं आयुष्य आपली मोटारसायकल अधिकाधिक वेगानं कशी पळेल याचाच ध्यास घ्यावा, ही विसंगती मला फार दिवसांपासून आवडत आली आहे. मुंबईच्या माणसाला वेग हवासा वाटला तर समजू शकतं. त्याला नऊ अठ्ठावीसची लोकल गाठायची असते. इन्व्हरकार्गिलच्या माणसाला कुठली गाडी गाठायची होती?

बर्ट मन्रो त्याचं नाव. जन्म १८९९चा. १९२० साली त्यानं अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे बनलेली ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल नवी कोरी विकत घेतली. सहाशे सीसीचं इंजिन आणि ताशी फार तर ५५ मैल वेग. त्या काळातल्या कच्च्या रस्त्यांवर एवढ्या वेगात माणसाचे दात जागच्या जागी राहिले तरी पुष्कळ. कुणीही समंजस गृहस्थ एवढ्यावर समाधान मानून रविवारी ती पुसून ठेवता आणि गावातून एक चक्कर मारून चहाला घरी येता. मन्रोनं काही वर्षांतच तिच्यात हात घातला, आणि तो हात पुढे जवळजवळ अर्धं शतक बाहेर आला नाही.

त्याच्या गॅरेजात एक फळी होती. दिवसा मोटारसायकली विकायची नोकरी करून तो रात्री गॅरेजात शिरायचा. तिथे जे जे फुटलं, तडकलं, वितळलं, वाकलं ते तो या फळीवर नेऊन मांडायचा. भोक पडलेले पिस्टन, मधोमध तुटलेले कनेक्टिंग रॉड, ओळखू न येण्याइतकं रूप पालटलेले धातूचे गोळे. आणि त्या फळीवर लिहून ठेवलं होतं : वेगाच्या देवाला अर्पण.

मला ही फळी त्या मोटारसायकलीपेक्षाही जवळची वाटते. आपल्याकडे हत्यारांची पूजा वर्षातून एकदा, खंडेनवमीला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या दिवशी लेथला झेंडूचा हार असतो, ड्रिलिंग मशीनला हळदकुंकू लागतं, आणि वर्षभर शिव्या खाल्लेल्या ग्राइंडरपुढे नारळ फुटतो. पेढे वाटून झाले की यंत्र आणि माणूस पुन्हा वर्षभर एकमेकांची अब्रू काढायला मोकळे. मन्रोचा देव असा सणावारी भेटणारा नव्हता. तो जागृत होता, कडक होता, आणि त्याला नारळ चालत नसे. त्याला पिस्टनच लागे, तोही रात्र रात्र जागून बनवलेला. तरी या भक्तानं कधी देव बदलला नाही, कौल लावला नाही, की गाऱ्हाणं घातलं नाही. फुटलेला भाग फळीवर ठेवायचा आणि दुसरा ओतायला घ्यायचा. वारकऱ्याची निष्ठा म्हणतात ती यापेक्षा फार वेगळी असेल असं मला वाटत नाही. फक्त वारकरी चालत जातो.

घरी बनवलेल्या सुट्या भागाची एक मोठी अडचण असते. विकत आणलेला भाग मोडला की माणसाला किती सोयी असतात! कंपनीला शिव्या देता येतात, दुकानदाराकडे जाऊन आवाज चढवता येतो, ‘पूर्वीचा माल राहिला नाही हो’ असा सुस्कारा टाकून एकूण काळालाच दोष देता येतो. घरी बनवलेला भाग मोडला की रागावायला कुणी सापडतच नाही. ज्यानं केला तोच समोर उभा असतो, तेलानं माखलेल्या हातांनी, आणि त्याचा चेहरा इतका पडलेला असतो की त्याला बोलवत नाही. ती फळी त्यासाठी असावी. दोष कुणाकडे तरी सोपवायचा तर देव बरा. तो हमीपत्राची मुदत विचारत नाही.

मन्रोकडे पैसा बेताचा आणि हत्यारं त्याहून बेताची. त्यामुळे त्याच्या यंत्राची वंशावळ विलक्षण आहे. सिलिंडर गॅसच्या जुन्या ओतीव लोखंडी नळातून निघाले. कनेक्टिंग रॉड कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून कोरून, कानस मारून काढले. मोजमापाला सायकलीचा जुना स्पोक. पिस्टन ओतायला जुने डबे. टायरची नक्षी नको होती, तर ती त्यानं घरातल्या मांस कापायच्या सुरीनं तासून काढली. मुळात इंजिनाच्या झडपा सिलिंडरच्या बगलेला होत्या, त्या त्यानं डोक्यावर नेल्या. त्यासाठी लागणारे कॅम आणि त्यांचा सगळा गोतावळा घरीच घडवला. सहाशे सीसीचं इंजिन वाढत वाढत साडेनऊशेच्या घरात गेलं. घरातलं मूल वाढावं तसं ते वाढलं, रोज पाहणाऱ्याला कळू न देता.

डब्यात पिस्टन ओतणं म्हणजे काय, हे मी माझ्या धाकट्या मामाच्या परसात पाहिलेलं आहे. मामा उद्यमनगरात टर्नर होता. दिवसभर दुसऱ्यांचे शाफ्ट फिरवायचे आणि संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची मोटारसायकल बनवायची, असा त्याचा दुहेरी संसार. भंगारात मिळालेलं येझदीचं इंजिन हे त्या मोटारसायकलीचं बीज. बाकी सगळं भोवतीनं उगवत गेलं. येझदीची एक खोडी जाणत्यांना माहीत असेल : तिची किक हाच तिचा गिअर. चालू करायला जी दांडी मारायची तीच खाली दुमडली की गिअर बदलायची. मामाला या काटकसरीचं इतकं कौतुक होतं की आल्यागेल्या प्रत्येकाला तो ती करून दाखवायचा. पाहुण्यांना घरातल्या हुशार पोराचा पाढा ऐकवतात तसा नव्हे, तर गवयी एखादी अवघड जागा दोनदा घेऊन दाखवतो तसा.

ओतकामाच्या दिवशी शेडमध्ये एक निराळीच शांतता असे. आधी वाळू. वाळू म्हणजे नदीची नुसती वाळू नाही. तिच्यात थोडी चिकणमाती आणि बेताचं पाणी. किती पाणी, याचं माप कुठल्याही भांड्यात मिळत नाही. मामा मुठीत वाळू घट्ट दाबायचा, मूठ उघडायचा, बोटांचे ठसे नीट उमटलेत का पाहायचा आणि मग तो मुटका मधोमध मोडायचा. कडा न ढासळता स्वच्छ दोन तुकडे झाले तर वाळू तयार. भुगा झाला तर पाणी कमी. आणि हाताला ओल लागली तर पाणी जास्त, आणि जास्त पाणी म्हणजे धोका, कारण वितळलेल्या धातूखाली कोंडलेली वाफ वाट काढताना कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. त्या दिवशी आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत यायची बंदी. आम्ही उंबऱ्यावर बसून बघत असू. विटांची भट्टी, दगडी कोळसा, हातानं फिरवायचा पंखा, आणि मध्ये मूस. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पण मामाकडे अंश मोजायला काही नव्हतं. तो सळई बुडवून बघायचा आणि नुसता ‘हं’ म्हणायचा. त्या ‘हं’ला किती अंश असत ते त्याचं त्याला ठाऊक.

घरातलं एखादं पातेलं दिसेनासं झालं की मामी आधी शेडमध्ये जाऊन मुशीत डोकवायची. मामा दुखावून सांगायचा, ‘‘अगं, पातेल्याचं ॲल्युमिनियम पिस्टनला चालतंय होय? ते मऊ. पिस्टनात सिलिकॉन असतंय, म्हणून गरम झालं तरी बेतानं फुगतंय. पिस्टन करायचा तर जुना पिस्टनच वितळवाय लागतोय.’’ मामी ऐकून घ्यायची, आणि म्हणायची, ‘‘ते राहू दे. दुधाचं पातेलं कुठाय?’’ धातुशास्त्र आणि संसार यांचा संवाद जगात सगळीकडे थोड्याफार फरकानं असाच होत असावा.

पण त्या शेडमधली सर्वांत नवलाची वस्तू मला कुठली वाटायची, तर एक पट्टी. दिसायला साधी, फूट-इंच आखलेली. मात्र शेजारी शाळेतली पट्टी ठेवली की ही थोडी लांब भरायची. ती पॅटर्नवाल्यांची पट्टी. धातू थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियम शंभराला सव्वा-दीड इतकं. म्हणून साचा घडवतानाच तो तेवढा मोठा घडवायचा. दर वेळी हिशेब करत कोण बसेल? मग पट्टीच अशी आखायची की तिचा फूटच फुटापेक्षा मोठा. इतक्या सचोटीनं खोटं बोलणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही. तिला माहीत असतं की आता जे धगधगीत, फुगलेलं, तेजस्वी दिसतंय ते निवल्यावर किती उरणार, आणि ती आधीपासून तेवढं जास्त धरून चालते. माणसांची लग्नं ठरवणाऱ्या मंडळींकडे अशी एखादी पट्टी असायला हवी होती.

मन्रोचा संसार टिकला नाही. त्याला चार मुलं होती. पुढे नवरा-बायको वेगळी झाली आणि चाळिशीच्या दशकाच्या शेवटाला नोकरीही सोडून तो गॅरेजातच राहायला गेला. या गोष्टीवर बनलेला सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल. रॉजर डोनाल्डसन यांनी तो २००५ साली काढला आणि अँथनी हॉपकिन्स त्यात मन्रो झाला. सिनेमातला म्हातारा फार लोभस आहे. पण पडद्याबाहेरच्या गॅरेजातल्या रात्रींची किंमत कुणीतरी चुकती केली असणार, आणि त्या देण्याचा तुकडा फळीवर ठेवता येण्यासारखा नव्हता. लोभस माणसं नात्यातली असली की जरा अवघडच जातं.

आता थोडं गणित. मन्रो अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या बॉनविलच्या मिठागरावर पोहोचला. तिथलं पांढरं, सपाट, क्षितिजापर्यंत गेलेलं मिठाचं पठार म्हणजे वेगवेड्यांची पंढरी. १९६७च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यानं तिथे हजार सीसीखालच्या गटात विक्रम केला : ताशी १८४ मैल, म्हणजे जवळजवळ २९६ किलोमीटर. मूळच्या ५५ मैलांच्या तिपटीहून जास्त. या वेगानं एक मैल जायला वीस सेकंदही लागत नाहीत. विक्रम धरायचा तर जायचं आणि यायचं, दोन्ही बाजूंची सरासरी काढतात, कारण वारा एका बाजूनं फितूर असू शकतो. म्हणजे सगळे मिळून मैलामागे चाळीस सेकंद. मोटारसायकल घेतल्यापासून या चाळीस सेकंदांपर्यंत मध्ये सत्तेचाळीस वर्षं गेली होती.

मी हा हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहतो आणि दर वेळी तो मला वेगाचा हिशेब वाटतच नाही. जगात इतक्या सावकाश केलेली दुसरी कुठली गोष्ट असेल? कानशीचा एक फटका, मग बोटानं चाचपणं, मग स्पोकनं मोजणं, मग पुन्हा एक फटका. खरं म्हणजे मन्रो आयुष्यभर अत्यंत संथपणे जगला. ज्याला वेग हवा असतो तो विमानाचं तिकीट काढतो. ज्याला संध्याकाळी एका जागी बसून, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, हातातल्या धातूच्या तुकड्याकडे निवांत बघत राहायचं असतं, त्याला घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सांगायला एखादं भारदस्त कारण लागतं. ‘वेग’ हे कारण त्यातल्या त्यात कुणाला पटणारं. माझा मामा तर रोज कामावर सायकलनं जायचा. शेडमध्ये मोटारसायकल तयार होत असताना तो बारा महिने सायकलचं पायडल मारत होता, आणि यात काही विचित्र आहे असं त्याला कधी वाटलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, ‘‘कामावर जायला सायकल बास की!’’ जणू मोटारसायकलीचा आणि कुठे जाण्याचा संबंध जोडणाऱ्याचंच काहीतरी चुकत होतं.

त्याच्या मोटारसायकलीचं हँडल होताना मी पाहिलं. पोकळ पाइप सरळ वाकवला तर आतल्या बाजूनं चिंबतो. म्हणून आधी वाळू तव्यावर भाजून खडखडीत कोरडी करायची, पाइपात ठोकून ठोकून गच्च भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी दट्टे मारायचे आणि मग जिथे वाकवायचं तेवढाच भाग तापवून लाल करायचा. आतली वाळू कुठे जायला तयार नसते, त्यामुळे पाइप न चिंबता, गोलाई न सोडता, नमस्कार करावा तसा वाकतो. निवल्यावर दट्टे काढून वाळू ओतली की झालं. मामानं ती वाळू जपून एका डब्यात परत भरली. हँडलपेक्षा त्याला वाळूचंच जास्त अप्रूप होतं. म्हणाला, ‘‘हिनं काम केलं आणि हिचं नाव कुठं नाही बघ.’’

न्यूझीलंडच्या लोकांत अशा उपद्व्यापांची एक अभिमानाची खूण आहे : नंबर आठची तार. शेतांच्या कुंपणाला वापरतात ती, साधारण चार मिलिमीटर जाडीची. तिनं काहीही दुरुस्त करता येतं, अशी तिथली श्रद्धा. सगळ्या जगापासून दूर असलेल्या बेटावर मागवलेला सुटा भाग बोटीनं यायचा तेव्हा यायचा. तोवर कुंपणाच्या तारेशिवाय कोण होतं? आपल्याकडे बांधकामावरच्या बाइंडिंगच्या तारेनं अशीच न मागता सेवा केली आहे, पण तिचा राष्ट्रीय गौरव करायचं आपल्याला सुचलेलं नाही.

मन्रोच्याच बेटावर, त्याच्यानंतरच्या पिढीत, ख्राइस्टचर्चला जॉन ब्रिटन नावाचा माणूस झाला. त्यानंही घरच्या गॅरेजात चार मित्रांना हाताशी धरून मोटारसायकल बनवली, आणि ती मात्र डागडुजीतून नव्हे, कोऱ्या कागदावरून. अंगाचा आकार तारेच्या सांगाड्यावर गरम गोंद लावून ठरवला. चाकं कार्बन फायबरची, घरीच घडवलेली. इंजिन स्वतःचं. रेडिएटर समोर असतो हे सगळ्या जगाला मान्य होतं. यानं तो सीटखाली ठेवला. निळ्या आणि गुलाबी रंगाची ती मोटारसायकल १९९२ साली अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत मोठमोठ्या कारखान्यांच्या गाड्यांना मागे टाकत होती. आदल्या रात्री एका सिलिंडरची स्लीव्ह तडकली होती, ती या मंडळींनी रात्रभर जागून नीट केली. शर्यतीत मग स्लीव्ह टिकली, चाकं टिकली, इंजिन टिकलं, आणि विजेच्या जोडणीनं मान टाकली. दोन वर्षांनी त्यांनी तिथेच बाजी मारली, हे सांगितलंच पाहिजे. पण शेडमध्ये बसणाऱ्या लोकांना ९२ची हकिगत जास्त प्यारी असते. ब्रिटन १९९५ साली गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. अशा मोटारसायकली एकूण दहाच बनल्या. एक वेलिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिथे तिला हात लावता येत नाही. जिचा इंच न् इंच हातांनी चाचपून घडवला तिच्याभोवती ‘स्पर्श करू नये’ अशी पाटी लागावी, हा वस्तूंच्या नशिबी येणारा मोठेपणा.

आपल्याकडे असा मोठेपणा आधी आरटीओच्या दारातून जातो. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की कारखान्यानं मुळात जे नोंदवलं त्याहून वेगळं होईल असा बदल मालकानं गाडीत करू नये. नियम चुकीचा आहे असं कोण म्हणेल? आपल्या रस्त्यांवर प्रत्येकानं घरचे ब्रेक लावून उतरायचं ठरवलं तर काय होईल, या कल्पनेनं माझ्याच अंगावर काटा येतो. पण नोंदणीच्या फॉर्मवर ‘निर्मात्याचे नाव’ अशी जी रिकामी जागा असते तिथे मामानं काय लिहिलं असतं, हा विचार मात्र मला सोडत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली होती, साठेक हजार रुपयांत. चार चाकं, आणि सुरू करायला मोटारसायकलची किक! २०२१च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि म्हणाले, नियमात बसायची नाही, पण ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. पुढच्या महिन्यात तसा सौदा झाला. बोलेरो उत्तम गाडी आहे यात शंका नाही. पण तिला किक नाही.

मामाची मोटारसायकल गल्लीबाहेर गेली नाही. तिन्हीसांजेला तो ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आणि वळवून आणायचा. पुढे तो, मागे आम्ही पोरं धावत, आणि दारात उभ्या बायका तोंडावर पदर धरून धुराला नावं ठेवत. तिचा वेग किती होता ते सांगणं सोपं आहे : आम्ही पोरं तिच्याबरोबर पळू शकत होतो. परत आल्यावर मामा उतरून ती पुन्हा सुटी करायला बसायचा. कुठूनतरी त्याला एक बारीक आवाज ऐकू आलेला असायचा, जो दुसऱ्या कुणालाच ऐकू आलेला नसायचा.

मन्रोलाही असे आवाज ऐकू येत असणार. बॉनविलला एका धावेत वाटेतच त्याची मोटारसायकल हेलकावे खाऊ लागली, तेव्हा वेग कमी व्हावा म्हणून तो तिच्यावर चढवलेल्या माशासारख्या कवचातून छाती वर काढून बसला. वाऱ्यानं गॉगल उडवून नेला, डोळ्यांपुढे काही दिसेना, आणि शेवटी त्यानं ती मिठावर आडवी घातली. एवढं होऊन किरकोळ खरचटण्यावर निभावलं. आणि हे सगळं चाललं होतं त्या दिवसांत मूळ कारखान्याची काय स्थिती होती? इंडियन कंपनीनं स्प्रिंगफील्डला मोटारसायकली बनवणं १९५३ सालीच बंद केलं होतं. कारखाना थंड होऊन चौदा वर्षं झाली होती. ती बातमी या मोटारसायकलीला कुणी कळवली नव्हती.

१९७८च्या जानेवारीत मन्रो वारला. इथे गोष्ट थांबायला हरकत नव्हती. पण पुढे त्याच्या मुलाच्या लक्षात आलं की ६७च्या विक्रमाची सरासरी काढताना कुणाचा तरी हिशेब चुकला आहे. दोन धावांची बेरीज करून दोनानं भागायचं, एवढंच ते गणित; कागदावर १८३.५८६ लागलं होतं, ते १८४.०८७ यायला हवं होतं. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशननं २०१४ साली तो आकडा दुरुस्त केला. म्हणजे मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी मन्रोचा वेग ताशी अर्ध्या मैलानं वाढला. तो असता तर हा अर्धा मैल मिळवायला त्याला निदान एक हिवाळा आणि दोन पिस्टन लागले असते.

ती मोटारसायकल शेवटी इन्व्हरकार्गिललाच राहिली. हेस कुटुंबाच्या हार्डवेअरच्या दुकानात ती ठेवलेली आहे. संग्रहालयात नाही, दुकानात. लोक स्क्रू घ्यायला येतात, बिजागरी घ्यायला येतात, आणि जाता जाता तिच्यापुढे थबकतात. ज्या हत्यारांवाचून मन्रोनं दिवस काढले ती सगळी तिच्या आसपास कोरी करकरीत, वंगणाच्या वासासकट हारीनं मांडलेली. मामाला तिथे न्यायला हवं होतं असं मला अनेकदा वाटतं. तो काय करता ते मला नक्की माहीत आहे. हात पाठीमागे बांधून मोटारसायकलीभोवती सावकाश फिरता, खाली वाकून वेल्डिंग पाहता, ‘हं’ म्हणता. मग कानशींच्या कप्प्याकडे जाऊन एक कानस उचलता, दातांवरून अंगठा फिरवता, किमतीची चिठ्ठी वाचून मनातल्या मनात तिचे रुपये करता आणि कानस जागच्या जागी ठेवत मला हळूच सांगता, ‘‘एवढे पैसे कशाला घालवायचे? घरी करू की.’’